गलती २:१४ मधलं "नीट चालत नाहीत", मूळ ग्रीक शब्द नक्की काय?

वडगावशेरीकरीण: रविवारी बायबल स्टडीला नव्या करारातल्या गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय चालू होता, प्रेषित पौल प्रेषित पेत्राला सगळ्यांसमोर झापतो तो भाग. तिथे एक काका म्हणाले ग्रीकमध्ये "ऑर्थोपोदेओ" आहे, आपला ऑर्थोपेडिक डॉक्टर तोच, म्हणजे पेत्राचे पाय वाकडे! सगळे हसले पण मला खरंच प्रश्न पडलाय, हे पायांबद्दल आहे की वागण्याबद्दल?

कॅम्पातला वाचक: ताई, काका अर्धे पास. ऑर्थोस म्हणजे सरळ, पूस म्हणजे पाय (ऑक्टोपसमधला पस तोच), म्हणजे "सरळ पावलं टाकणे". पण ऑर्थोपेडिकमधला पेडिक हा पाय नाहीच, तो "पैस" म्हणजे मूल, १७४१ साली निकोला आंद्री नावाच्या फ्रेंच डॉक्टरने मुलांचं वाकडेपण सरळ करण्यावर पुस्तक लिहिलं त्यासाठी हा शब्द बनवला. आणि ऑर्थोपोदेओ नव्या करारात फक्त इथेच येतो, एरवी वागणुकीसाठी पौल सरळ पेरिपातेओ म्हणजे चालणे-फिरणे वापरतो. वागणं आणि चालणं वेगळं का धरताय पण, आपल्या "आचरण" मध्येपण चर् म्हणजे चालणेच आहे की.

पेठेतला: शब्द राहू द्या, भानगड पंगतीची होती. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर जेवायचा, याकोबाकडची यहुदी माणसं आली तसा घाबरून ताटावरून उठला, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा त्याच्यामागे. पुणेकरांना हे समजावायला लागू नये, १८९० ला आपल्याच पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती लोकांकडचा चहा पुढे आला, कुणी प्यायले कुणी नुसता कप हातात धरला, टिळक रानडे सगळे त्यात, आणि मग प्रायश्चित्ताचा केवढा घोळ! रानड्यांनी शेवटी घेतलं तेव्हा त्यांचेच सुधारक मित्र नाराज.

वडगावशेरीकरीण: हे भारी आहे, पंचहौदचं डोक्यातच नव्हतं आलं. पण मराठीत त्याच ओळीत "सुवार्तेच्या सत्याप्रमाणे नीट चालत नाहीत" आहे, ते "प्रमाणे" बरोबर का?

कॅम्पातला वाचक: तिथे "प्रॉस" आहे, त्याचा अर्थ "-कडे" पण होतो आणि "-ला धरून" पण. अभ्यासकांत दोन्ही मतं आहेत. मला "कडे" आवडतं, म्हणजे रस्ता माहीत होता, पाऊल भलतीकडे पडलं, नियम मोडला असं नाही. आणि एक गंमत बघा, प्रेषितांची कृत्ये १४:१० मध्ये लुस्त्रात जन्मापासून पांगळ्या माणसाला हाच पौल म्हणतो आपल्या पायांवर सरळ उभा राहा, तिथे हेच दोन शब्द सुटे सुटे आहेत, पाय आणि ऑर्थोस.

पेठेतला: म्हणजे पांगळा उठून चालला आणि पेत्र लंगडला 😄 काकांना सांगा, पाय वाकडे नव्हते, पाऊल वाकडं पडलं.

वडगावशेरीकरीण: सांगते, पण ते ऑर्थोपेडिक सोडणार नाहीत, त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय.