मदत हवी आहे: कॉलेजच्या पोरांची मतदार नोंदणी

नमस्कार मंडळी, आमच्या डिचोलीतल्या ग्रुपने यंदा कॉलेजच्या पोरांची मतदार नोंदणी करायची ठरवलंय, पण पोरं काही हलत नाहीत हो! टेबल मांडून बसलो की येतात, सेल्फी काढतात आणि 'नंतर बघू रे' म्हणत कॅन्टीनला पळतात. बऱ्याच जणांना वाटतं की अठरा पूर्ण झाल्यावर जानेवारीपर्यंत थांबायचं, तर तसं नाहीये, 2022 पासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा वय मोजायला धरतात आणि सतरा पूर्ण झाले की फॉर्म 6 (नवीन मतदाराचा अर्ज) आधीच भरून ठेवता येतो. मोबाईलवरून भरला तरी चालतो, पण फोटो अपलोड करायला आला की निम्मे तिथेच सोडून देतात.

खरा गोंधळ हॉस्टेलवाल्यांचा. सत्तरी, काणकोणकडची पोरं पणजीत राहतात, नाव घरी ठेवायचं की हॉस्टेलच्या पत्त्यावर? दोन्हीपैकी एकीकडे चालतं, हॉस्टेलसाठी कॉलेजचं प्रमाणपत्र लागतं, पण ते ऑफिसातून पटकन कसं मिळवायचं? माझं मत विचाराल तर घरीच ठेवावं, गावच्या वॉर्डात चाळीसेक मतांनीसुद्धा निकाल फिरतो, पण मग मतदानाला पोरगं गावी येणार का हा प्रश्न उरतोच.

कोणी कॉलेजात हे काम केलंय का? भाषणं सोडून काय चाललं ते सांगा, आणि बीएलओंना (बूथच्या मतदार यादीचं काम बघणारे अधिकारी) कॉलेजात बोलावता येतं का, कोणाला भेटायचं त्यासाठी?