पियानिस्ट पोपट असतो का? (कालच्या पोस्टला उत्तर, जरा लांबलंय)

राजारामपुरीकर:
गंगावेशकर काका काल रात्री लिहून मोकळे झाले, "पियानिस्ट म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेलं पाठ करून म्हणणारा पोपट. गवई अल्लादिया खाँसाहेबांच्या कोल्हापुरात पोरं पियानोला घालणं म्हणजे पैसे जास्त झाल्याचं लक्षण." खाली हसऱ्या तोंडांची ही रांग. गप्प बसणार होतो, पण झोप लागेना.

काका, पाठांतर इतकं सोपं असतं तर रिख्टरसारखा थोर पियानिस्ट उतारवयात समोर कागद ठेवून, सभागृहात अंधार करून, एका दिव्याच्या उजेडात कशाला वाजवत बसला असता? बाकीच्या पियानिस्टांना हे काम किती पिळतं तेही बघा. ग्लेन गूल्डनं १९६४ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी स्टेज सोडलं ते कायमचंच. होरोविट्झ १९५३ ते १९६५ लोकांसमोर बसलाच नाही. लिऑन फ्लायशरच्या उजव्या हाताची दोन बोटं ऐन भरात आत वळायला लागली, पुढं तीसेक वर्षं डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत आणि शिकवत काढली. आणि मारिया ज्युआऊ पिरेसचा व्हिडिओ बघा. ॲमस्टरडॅमला ऑर्केस्ट्रा सुरू झाली तेव्हा बाईंना कळलं की आपण मोझार्टची दुसरीच रचना तयार करून आलोय. कंडक्टर शायी हात हलवता हलवताच धीर देतोय, बाईंचा चेहरा पांढरा पडलाय. आणि मग ऑर्केस्ट्रानं धरलेली ती डी मायनरमधली रचना अख्खी आठवणीतनं वाजवली. पोपटाला सांगून बघा.

गंगावेशकर:
तुम्ही दिलेल्या यादीत एक माणूस सुखी दिसंना. हे करिअर म्हणायचं का सक्तमजुरी? आमचा बुवा घसा बसला तर सूर खाली घेतो, कालचा भूप राग आज वेगळा मांडतो. तुमचं सगळं ८८ पट्ट्यांत ठोकून बसवलेलं. मींड नाही (एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं), श्रुती नाही (सुरांमधले बारीक सूर). लाकूड बडवायचं.

राजारामपुरीकर:
बंदिश तरी बुवांनी स्वतः बांधलेली असते का हो दरवेळी?

पेटीमास्तर:
थांबा, थांबा. "श्रुती नाही, मींड नाही" हे वाक्य माझ्यासमोर परत बोलायचं नाही. ह्याच कारणानं १९४० साली रेडिओवर पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, बंदी घातली आणि १९७१ पर्यंत ती सुटली नाही. तीस वर्षं! आणि गोविंदराव टेंबे कुठले? याच मातीतले. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाच्या मागं त्यांची पेटी असायची, तेव्हा कुणाच्या श्रुती दुखल्या नाहीत. आज शंभरातल्या नव्वद गवयांना पेटीवाल्याशिवाय स्टेजवर चढवत नाही, आणि पत्रिकेत आमचं नाव तबलजीच्या खाली, बारीक टायपात.

गंगावेशकर:
मास्तर, पेटीचा विषय कुणी काढला?

पेटीमास्तर:
तुम्हीच काढला. पियानोला लावलेला नियम पेटीला लागत नाही का? दोन्हीचे सूर आधीच ठरवून ठेवलेले. उत्तर द्या, पळू नका.

नागाळा पार्क:
पेटी परवडली. माझं ऐका. मुलीसाठी जुना उभा पियानो घेतला, खालच्याच खोलीत ठेवला. २०१९ ला पंचगंगेचं पाणी आलं, पियानो गुडघाभर पाण्यात. पाणी उतरल्यावर उघडला तर पट्टी दाबली की वर यायलाच तयार नाही, तारांवर पडणाऱ्या हातोड्यांच्या नमद्याला (लोकरीच्या थराला) हिरवी बुरशी, तारांवर गंज. त्या सव्वादोनशेच्या आसपास तारा, सगळ्या मिळून पंधरा-वीस टनांची ओढ. पुण्याहून ट्यूनर आला, बघितलं, चहा पिला आणि म्हणाला, ताई, सोडा. येण्याजाण्याचे पैसे मात्र घेतले. आता मुलगी इलेक्ट्रॉनिक पियानोवर शिकते आणि पियानोच्या ग्रेडच्या परीक्षेला गेली की खऱ्या पट्टीचं वजन बोटांना पेलत नाही. कॉन्सर्ट पियानिस्ट राहू दे, इथं परीक्षेपुरतं वाजवणंच अवघड आहे.

गंगावेशकर:
म्हणजे मी म्हणत होतो तेच.

नागाळा पार्क:
नाही. तुम्ही पैसे जास्त झाले म्हणालात. आमचे बुडाले.

राजारामपुरीकर:
आणि खाँसाहेबांचं नाव घेताय म्हणून विचारतो, गेल्या वर्षभरात देवल क्लबात गाणं ऐकायला किती वेळा गेलात? २०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा सगळं गाव रडलं. त्याआधी तिथं शास्त्रीय मैफलीला मधल्या रांगा तरी भरत होत्या का?

गंगावेशकर:
तोंड सांभाळून. माझे वडील त्या नाट्यगृहाला पॅलेस थिएटर म्हणायचे तेव्हापासून आमचं घर तिथं जातंय. तुम्ही मला सांगायचं काम नाही.

तपोवन:
जातंय खरं, पण मध्यंतरानंतर भडंग खायला बाहेर. मी शेजारच्या खुर्चीत असायचो, काका.

गंगावेशकर:
बरं. तो पिरेसबाईंचा व्हिडिओ बघितला. बाई भारी आहे, पोपट हा शब्द तिच्यापुरता मागं. बाकीच्यांना लागू आहे. आणि पोरांना आधी गळ्यानं आकार लावायला शिकवा, मग काय बडवायचं ते बडवा.

नागाळा पार्क:
आकार लावून झालाय, काका. तिला तरीबी पियानोच पाहिजे.

पेटीमास्तर:
१९७१ पर्यंतच्या पेटीबंदीचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.