पार्ट थ्रॉटल : ‘अर्धा’, ‘आंशिक’ की आणखी काही?

प्रश्न
मोटरसायकलींवरचा एक लेख मराठीत आणतोय. त्यातल्या एका वाक्याचा आशय असा, की डायनो ट्यूनिंग (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर गाडी चढवून इंजिन नीट लावणं) करताना गाडी पार्ट थ्रॉटलला कशी चालते ते आधी बघावं. थ्रॉटल म्हणजे हँडलची मूठ पिळली की उघडणारी, इंजिनाला हवा देणारी झडप. मी ‘अर्ध्या थ्रॉटलला’ असं लिहिलं. वाचणाऱ्या मित्राने नुसती नकारार्थी मान हलवली, कारण सांगितलं नाही. कोशातला ‘आंशिक’ मला ग्रहणाच्या बातमीतला वाटतो. काय लिहू? आणि ‘डायनो ट्यूनिंग’ तसंच ठेवू का?

प्रतिसाद
मित्राचं बरोबर आहे. ‘अर्धा’ म्हणजे एकच जागा झाली. ‘पार्ट’मध्ये मूठ जराशी हलली तिथपासून ती पूर्ण पिळायच्या अलीकडपर्यंतचं सगळं येतं. सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना मूठ जेमतेम पिळलेली असते; अर्धी तर नसतेच. म्हणजे तुमच्या वाक्याने नेमका तोच भाग गाळला, ज्यात गाडी सर्वांत जास्त वेळ चालते.

प्रश्नकर्ता
पण अर्धी मूठ म्हणजे निम्मी ताकद, एवढं तरी खरं ना?

प्रतिसाद
तेही नाही. फुलपाखरू झडप, म्हणजे नळीत फिरणारी चकती, ९० अंशांपैकी ४५ अंश फिरली तर मोकळी जागा निम्मी होत नाही. चकती बंद असताना नळीला अगदी काटकोनात आहे असं धरलं, दांड्याची जाडी सोडून दिली, तर साधारण २९ टक्के होते. आता गंमत अशी की इंजिन सावकाश फिरत असेल तर त्याला तेवढी हवा पुरते आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळजवळ पूर्ण मिळतो. तीच २९ टक्के जागा वरच्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला जास्त फेरे होताना, कमी पडते आणि इंजिनाचा दम कोंडतो. म्हणून आरपीएम सांगितल्याशिवाय ‘अर्धी मूठ’ या शब्दांतून ताकदीबद्दल काहीच कळत नाही. इंजेक्शनच्या गाडीत इंधनाचा तक्ता याच कारणाने दोन बाजूंचा असतो : एका बाजूला थ्रॉटल, दुसऱ्या बाजूला आरपीएम, आणि मधल्या प्रत्येक घरात किती पेट्रोल फवारायचं तो आकडा.

दुसरा प्रतिसाद
दम कोंडण्यावरून आठवलं. इंग्रजीत ‘थ्रॉटल’चा मूळ अर्थ गळा आवळणे, आणि तो घशाच्याच शब्दावरून आलाय. झडपेचं खरं काम हवा अडवण्याचं. आपण मात्र ‘थ्रॉटल दे’ म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘गळा आवळ’! मराठीत ‘मूठ पिळ’ किंवा ‘रेस दे’ म्हणतात ते जास्त प्रामाणिक आहे. हात जे करतो तेच सांगतात.

प्रश्नकर्ता
‘उघडीप’ चालेल का? थ्रॉटलची उघडीप?

दुसरा प्रतिसाद
नको हो. उघडीप पावसाची. वाचणारा छत्री मिटून ठेवेल.

तिसरा प्रतिसाद
जुन्या कार्बोरेटरवाल्यांकडे (कार्बोरेटर म्हणजे इंजेक्शनच्या आधीचा, हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) हा प्रश्न सुटलेला होता. सरकत्या स्लाइडच्या कार्बोरेटरमध्ये कुठल्या टप्प्यात काय बदलायचं ते ठरलेलं असतं. मूठ नुकती उघडली की पायलट जेट (जेट म्हणजे पेट्रोल येण्याचं बारीक छिद्र) आणि एअर स्क्रू, पाव मुठीच्या आसपास स्लाइडचा कापलेला काठ, पाव ते पाऊण सुई, आणि पाऊणच्या पुढे मेन जेट. पाव, अर्धी, पाऊण हे आपलेच शब्द असताना ‘आंशिक’ कशाला हवा? ‘पाव-पाऊण मुठीवर’ लिहा.

प्रतिसाद
ऐकायला झकास आहे, पण लोकांची तक्रार बहुतेक वेळा पावच्या खालची असते. बंद मूठ हळूच उघडताना गाडी हिसका देते, एका वेगात धरली तर झटके मारत जाते. ‘पाव-पाऊण’ने तेच बाहेर पडलं.

आता डायनो. तो डायनॅमो नव्हे, एवढं लेखात स्पष्ट करा. दोन्ही शब्द ‘शक्ती’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले, पण डायनॅमो वीज तयार करतो आणि डायनो, म्हणजे डायनमोमीटर, ताकद मोजतो. १८२१ साली फ्रान्समध्ये प्रोनी यांनी फिरत्या दांड्याला ठोकळ्यांचा चिमटा लावून, त्याला तरफ आणि वजनं जोडून ताकद मोजली. ‘ब्रेक हॉर्सपॉवर’मधला ब्रेक तो, गाडीच्या ब्रेकशी त्याचा संबंध नाही.

हा ब्रेक तुमच्या वाक्यात महत्त्वाचा आहे. काही डायनोंमध्ये गाडीच्या चाकाखाली नुसता जड रोलर असतो. पूर्ण मूठ पिळायची, रोलर किती लवकर वेग घेतो त्यावरून ताकद काढायची. त्यात गाडी एका आरपीएमला थांबत नाही, पळत सुटते. थोड्या मुठीवर तक्त्याचं एकेक घर नीट भरायचं तर रोलरला अडवणारा ब्रेक लागतो. समजा, मूठ वीस टक्क्यांवर धरली. ब्रेक इंजिनाला ४००० आरपीएमच्या वर जाऊ देत नाही. तेवढ्यात धुरातलं हवा-पेट्रोलचं प्रमाण वाचायचं. आरामात जाताना ते १४.७ ला १ च्या आसपास चालतं, पूर्ण मुठीला साधारण १३ ला १ लागतं. ‘डायनोवर ट्यून केली’ या वाक्यात यातलं काहीच कळत नाही. बहुतेकदा त्याचा अर्थ पूर्ण मुठीचा आलेख काढला आणि वरचा आकडा दाखवला, इतकाच असतो.

दुसरा प्रतिसाद
‘ट्यूनिंग’ला मला ‘जुळवणे’ आवडलं असतं. तंबोरा जुळवतात तसं इंजिन जुळवायचं. पण कारखान्यात ‘जुळणी’ म्हणजे सुटे भाग एकत्र बसवणे. ‘इंजिनाची जुळणी’ वाचून कुणी पान्हा घेऊन बसायचा. ट्यूनिंगच ठेवा, ते आता मराठी झालंय.

तिसरा प्रतिसाद
‘परफॉर्मन्स’ला ‘कामगिरी’ लिहू नका, एवढी विनंती. कमी मुठीला गाडी कशी उचलते, याला सगळे ‘पिकअप’ म्हणतात.

प्रश्नकर्ता
सगळं वाचून वाटतंय की मी उगाच नाम शोधत बसलो होतो. मराठीला इथे क्रियापद हवंय. वाक्य असं केलं : ‘मूठ पूर्ण न पिळता गाडी कशी चालते, ते डायनोवर आधी बघावं आणि मग ट्यूनिंगला हात घालावा.’

प्रतिसाद
छान. फक्त ‘डायनोवर’च्या आधी ‘ब्रेक असलेल्या’ घाला.