चहाच्या बागा बघायच्या तर नाताळ नको

तुम्ही नाशिकहून नाताळच्या सुट्टीत दार्जिलिंगला निघालाय, 'मुलांना चहाच्या बागा दाखवायच्यात' म्हणताय, म्हणून लिहितो. जमलं तर दिवाळीची सुट्टी पकडा. डिसेंबर ते फेब्रुवारी तिथं तोडणी जवळजवळ बंद असते. त्यात काही बागांची छाटणी झालेली असते. आपल्याकडे गोडी छाटणीनंतर द्राक्षबागेत नुसत्या काड्या दिसतात, तसं. नोव्हेंबरात शरदातली शेवटची तोडणी चालू असते, कांचनजंगाही बहुधा स्वच्छ दिसतं. खरा नामांकित माल मात्र मार्च-एप्रिलचा, पहिल्या तोडणीचा.

कारखाना चालू असेल तर आत जाच. जाळीच्या लांबलचक वाफ्यांवर पानं पसरलेली असतात, खालून वारा सोडतात, आणि रात्रभरात ती इतकी मऊ पडतात की मुठीत दाबली तरी मोडत नाहीत. वास हिरव्या सफरचंदाच्या जवळ जातो. तिथं चहा बिनदुधाचा मिळेल. आपल्या मंडळींनी आलं-वेलची मागू नये, एवढीच विनंती!

टॉय ट्रेनचा पूर्ण प्रवास न्यू जलपायगुडीपासून ८८ किमी, अख्खा दिवस खातो. मुलांसाठी दार्जिलिंग-घूमची छोटी फेरी पुरे. त्यात बतासिया लूपही येतो, म्हणजे गाडी जिथं गोल वळसा घेते ती जागा.

नाशिकरोडहून हावड्याला जाणार असाल तर एक ध्यानात ठेवा, पुढची दार्जिलिंग मेल सियालदहून सुटते. दोन्ही स्टेशनं वेगळी आणि मधलं ट्रॅफिक भयंकर, तेव्हा हाताशी तीन-चार तास ठेवाच.