काळा घोडा एका दिवसात: सासूबाईंचा गुडघा, मल्लखांब आणि सव्वासहाची पंचवटी

गोदाकाठ:
मंडळी, मुंबईच्या काळा घोडा कला महोत्सवाला जायचं दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी राहतं. यंदा घरात जाहीरच करून टाकलंय, त्यामुळे माघार नाही. आम्ही चौघं: मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाई ७१ च्या. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चालतात हळूहळू, पण दहा मिनिटांवर उभं राहवत नाही. लेक दोन वर्षं मल्लखांब शिकतेय. तिच्या ताईंनी सांगितलं की तिथे भर रस्त्यात मल्लखांब होतो, तेव्हापासून रोज सकाळी एकच प्रश्न, "आज जायचं का?"

बेत असा: नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस, अकराच्या आत सीएसएमटी, आणि सव्वासहाच्या पंचवटीने परत. मुक्काम नको, नवऱ्याला दुसऱ्या दिवशी ड्युटी आहे. एवढ्या वेळात रस्त्यावरचं सगळं बघून होईल ना? शनिवार बरा की रविवार? आणि सगळं फुकट आहे म्हणतात, मग नावनोंदणी कशाची असते? सासूबाईंना टेकायला कुठे मिळेल तेही सांगा. त्या स्वतः म्हणतात "माझी काळजी करू नका", म्हणजे काळजी करायलाच हवी.

फोर्टात_३१_वर्षं:
ताई, तुमच्या बेतात एकच खोट आहे, पण मुळावरची. सव्वासहाची गाडी धरायची तर साडेपाचला तिथून निघावं लागेल, आणि रस्त्यावरच्या खेळांना खरा रंग चढतो तोच साडेपाचला. दुपारी मांडणीशिल्पं (इन्स्टॉलेशन) दिसतील, स्टॉल दिसतील, ऊन लागेल. परतीला रात्री साडेनवाच्या सुमाराची देवगिरी बघा. नाशिकरोडला मध्यरात्र उलटेल खरी, पण आलात त्याचं चीज होईल.

तारखा बघूनच तिकीट काढा. पूर्वी फेब्रुवारीचा पहिला शनिवार ते दुसरा रविवार असं डोळे मिटून सांगता यायचं. आता तसं नाही. २०२४ ला २० ते २८ जानेवारी होता, २०२५ ला २५ जानेवारी ते २ फेब्रुवारी. नऊ दिवसांत २६ जानेवारी येत असेल तर तो दिवस सोडा. शनिवार-रविवारही सोडा. रविवारी मेगाब्लॉकमुळे लोकल रखडतात, तरी अख्खी मुंबई तिथेच लोटते. के. दुभाष मार्ग, म्हणजे रॅम्पार्ट रो, वाहनांना बंद असतो. आत शिरायला बॅगा तपासून सोडतात, आणि सुट्टीच्या दिवशी त्या रांगेतच सासूबाईंचा गुडघा बोलायला लागेल. शुक्रवारी या.

सीएसएमटीहून टॅक्सीवाले एवढ्या जवळ यायला कुरकुर करतात. आता भुयारी मेट्रो आहे. पुढचंच स्टेशन हुतात्मा चौक, लिफ्ट आहे, वर आल्यावर पाच-सात मिनिटं चालणं.

नोंदणी लागते ती कार्यशाळा आणि वारसा-फेऱ्यांना, तीही आधी ऑनलाइन, आणि जागा पटापट भरतात. रस्त्यावरच्या खेळांना काही लागत नाही. जो आधी आला तो बसला.

टेकायला: दुपारी जहांगीर आर्ट गॅलरी. १९५२ पासून उभी आहे, आत जायला पैसे नाहीत. संध्याकाळी डेव्हिड ससून लायब्ररीच्या मागच्या बागेत साहित्याचे कार्यक्रम असतात, तिथे खुर्च्या मांडतात. आम्ही ऑफिस सुटल्यावर तिथेच जायचो. कार्यक्रम कळला नाही तरी झाडाखाली बरं वाटायचं.

रिंगण:
वरच्यांनी बाहेरून सांगितलं, मी आतून सांगतो. कॉलेजात असताना तीन वर्षं तिथे पथनाट्य केलंय. माझ्याकडे डफ होता.

पथनाट्य सुरू कसं होतं ते कळलं की जागा कुठे धरायची ते आपोआप कळतं. वेळेच्या आधी आम्ही डफ बडवत "आओ आओ, नाटक देखो" ओरडत फेरी मारायचो. लोक जमले की दोघं जण पुढच्यांना हात जोडून खाली बसवायचे. तेच रिंगण. त्यात एक फट मुद्दाम मोकळी ठेवतात, नटांच्या ये-जा साठी. नवखी माणसं हमखास त्याच फटीत येऊन बसतात आणि मग दर दोन मिनिटांनी उठतात. तिथे बसू नका. माइक नसतो, म्हणून पाठीशी इमारतीची भिंत असेल अशी बाजू धरा, आवाज भिंतीवरून परत येतो. समोरची बाजू वगैरे काही नसतं, आम्ही चारी दिशांना फिरून बोलतो. स्पीकर लावून नाचणारे मात्र एकाच बाजूला तोंड करतात, त्यांच्या मागे अडकलात तर नुसत्या पाठी बघाल.

डफ ऐकून धावायचं नाही. डफ वाजला म्हणजे पुढची ओळ भरली. पंधरा-वीस मिनिटं आधी वर्तमानपत्र टाकून बसायचं. (डफावरून आठवलं. मुंबईच्या दमट हवेत संध्याकाळी चामडं सैल पडतं आणि डफ ढबढब करायला लागतो. गावाकडे शेकोटीवर शेकतात. तिथे काडी ओढली असती तर पोलिसांनी आधी आम्हालाच शेकलं असतं. आम्ही स्टॉलवरच्या हॅलोजनपुढे डफ धरून उभे राहायचो. दुकानदार बाईंना वाटायचं आम्ही दिव्याची पूजा करतोय.)

सासूबाईंसाठी घडीचं स्टूल आणाच, पण बुटकं. नेहमीच्या उंचीचं असलं की मागून "ओ काकी, खाली बसा" सुरू होतं. रिंगणाच्या कडेला, बसलेले आणि उभे यांच्या मधे ठेवा. कुणी काही म्हटलं तर गुडघा दाखवा.

मल्लखांब रोज नसतो. कार्यक्रमपत्रिका दिवसवार येते, ती बघून दिवस ठरवा. रस्ता खणून खांब पुरता येत नाही, लोखंडी बैठकीवर उभा करतात, म्हणून कडं मोठं ठेवतात आणि पुढच्या पोरांना मागे सरकवतात. लेकीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर रुसेल.

आणि एक. सगळं बघायच्या नादाला लागू नका. क्रॉस मैदानावरचे गाण्या-नाचाचे मोठे कार्यक्रम वेगळेच, चर्चगेटच्या बाजूला. इकडून तिकडे करण्यात संध्याकाळ जाते आणि गुडघाही. एका रिंगणात ठिय्या मारा, तिथेच पुढचा खेळ येतो.

जुना_ठाणेकर:
नाटकं कमी आणि फोटो काढणारे जास्त, असं माझं मत. शेवटचा गेलो तेव्हा प्रत्येक मांडणीशिल्पापुढे रांग, आणि ती शिल्प बघायला नव्हती.

पोरीला घोडा दाखवणार असाल तर सांगून ठेवा की खरा काळा घोडा तिथे नाहीच. तो घोड्यावर बसलेल्या इंग्रज राजाचा, सातव्या एडवर्डचा पुतळा, १९६५ साली हलवला, आता राणीच्या बागेत आहे. हल्ली जो दिसतो तो २०१७ चा, बिनस्वाराचा.

गोदाकाठ:
सगळ्यांचे आभार. देवगिरीचं आरक्षण केलं. पत्रिका आली, मल्लखांब नेमका रविवारी. नवरा म्हणतो शुक्रवारच. लेकीशी वाटाघाटी चालू आहेत. @रिंगण, बुटकं स्टूल म्हणजे किती?

रिंगण:
वीतभर पुरे. भाजी निवडायचं घ्या.

गोदाकाठ:
आलो जाऊन, शुक्रवारीच. मल्लखांब हुकला. लेकीने घोडा बघून पहिलं काय विचारलं असेल तर "बसणारा पडला का?" मग रस्त्यातल्या दिव्याच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून सलामीची जागा घ्यायला लागली. गार्डने शिट्टी मारली, ती घाबरून उतरली, आणि बाजूच्या दोघा कॉलेजच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर तिच्या ताईंना तिने "मी काळा घोड्याला केलं" एवढंच सांगितलंय. मी दुरुस्त केलेलं नाही.

स्टूल तपासणीत अडवलं होतं. सासूबाईंनी पातळ जरा वर करून टाक्यांची खूण दाखवली, लगेच सोडलं.

पथनाट्य हुंड्यावर होतं. आम्ही भिंतीची बाजू धरली, पावणेसहाला बसलो. मधेच एक मुलगी सरळ सासूबाईंपुढे येऊन हात जोडून म्हणाली, "आजी, तुम्हीच सांगा, चूक कोणाची?" सगळं रिंगण गप्प. या म्हणाल्या, "अगं, आधी त्या मुलाच्या आईला पुढे आण, ती का लपून बसलीय?" त्या नाटकात मुलाची आई नव्हतीच. नट एकमेकांकडे बघत राहिले, मग डफवाल्यानेच डोक्यावर ओढणी घेतली आणि आई झाला.

गाडीत कसाऱ्यापर्यंत सासूबाई जाग्या होत्या. स्टूल मात्र रिंगणातच राहिलं.