श्रीनगरच्या बर्फातून कोल्हापूरच्या उन्हात : सिममध्ये हवामान बदलतच नाही

रंकाळा_कट्टा
मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२०, विमान फ्लायबायवायर या अॅड-ऑन गटाचं ए३२०निओ. जानेवारीतल्या दुपारी श्रीनगर ते कोल्हापूर असं उड्डाण करायचंय. तिकडं बर्फ, इकडं ३० अंशांचं ऊन, एवढीच हौस. पण निघताना बर्फाचा प्रीसेट (सिममधलं तयार हवामान) लावला की कोल्हापुरातपण बर्फच पडतोय, रंकाळा पांढराफेक! दुसरं असं की आपल्या १९३० मीटरच्या रनवेवर ए३२० बसतंय का? मार्ग, इंधन, उतरायची तयारी, जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

क्रॉसविंड
प्रीसेट अख्ख्या जगाला एकदम लागतो, एका गावापुरता नाही. लाइव्ह वेदर (त्या वेळचं खरं हवामान) लावा, मग श्रीनगरचं हवामान श्रीनगरला राहतं. फक्त त्या दिवशी तिथं खरंच बर्फ हवा. आधी व्हीआयएसआरचा (श्रीनगर विमानतळाचा कोड) मेटार, म्हणजे हवामान अहवाल, बघा. एसएन असलं तर बर्फ, एफजी असलं तर नुसतं धुकं.

तरी बर्फाचाच हट्ट असेल तर प्रीसेटवर उडा आणि क्रूझमध्ये (वर पोचून सरळ उडताना) लाइव्हवर या. पण हा बदल दिल्लीच्या आसपास करू नका. हिवाळ्यात उत्तर भारतावर पश्चिमेकडून जेट स्ट्रीम (खूप उंचीवरचा वेगवान वारा) जोरात वाहत असतो. प्रीसेटमधला शांत वारा जाऊन तो एकदम अंगावर आला की वेगाचा काटा उडी मारतो आणि ओव्हरस्पीडची घंटा सुरू. इंदूरच्या खाली आल्यावर, सरळ उड्डाणात, वेग मॅक ०.७४ (ध्वनिवेगाच्या ०.७४ पट) वर आणून मग बदला. मर्यादा ०.८२ आहे, म्हणजे हाताशी जागा राहते. वळणात किंवा उतरणीत तर नकोच.

निघतानाचं: तापमान १० अंश किंवा कमी आणि बर्फ, पाऊस, धुकं यांपैकी काहीही असेल तर इंजिन सुरू होताच इंजिन अँटी-आइस (बर्फ साचू न देणारी यंत्रणा) ऑन. विंग अँटी-आइस जमिनीवर दाबून उपयोग नाही, ३० सेकंदांची चाचणी होऊन झडपा परत मिटतात. बर्फाळ रनवेवर फ्लेक्स (इंजिनाचा कमी केलेला जोर) चालत नाही, थेट टोगा (पूर्ण जोर). फ्लॅप (पंखांमागच्या हलत्या पट्ट्या) होल्डिंग पॉइंटला, म्हणजे रनवेच्या तोंडाशी, पोचल्यावरच बाहेर काढा, नाहीतर चाकांनी उडवलेला चिखलबर्फ त्यांना चिकटतो. सिममध्ये तेवढं बारीक काही होत नाही म्हणा, पण सवय बरी. सेटिंगमध्ये आइसिंग ‘फक्त दिसण्यापुरतं’ ठेवलं असेल तर मात्र अँटी-आइसचा सगळा खटाटोप शोभेचाच.

उजळाईवाडी_०७
मार्गाचं मी सांगतो. दोन्ही गावं जवळपास एकाच रेखांशावर आहेत, सरळ रेषेत १०४० नॉटिकल मैल. पण ती रेषा लाहोर-अमृतसरजवळ सीमेला घासते. म्हणून दिल्लीवरून या, साधारण १०८० मैल. श्रीनगरहून दक्षिणेला वळायची घाई नको. पीर पंजालची शिखरं १५,५०० फुटांपर्यंत आहेत, दरीतच उंची घ्या. दिल्लीपर्यंत दिशा आग्नेय, म्हणून विषम पातळी, ३५० (म्हणजे ३५,००० फूट). पुढं नैर्ऋत्येला झुकता, तेव्हा सम, ३६०. ऑनलाइन उडताना इथंच बरेच जण टोकले जातात.

इंधन एकूण ९ टनांच्या आसपास पुरतं, नेमका आकडा सिमब्रीफ या उड्डाण-नियोजनाच्या साइटवरून घ्या. पर्यायी विमानतळ बेळगाव, जेमतेम ५० मैल. टाक्या भरून आणू नका, उतरताना वजन ६० टनांच्या आत हवं.

आता खरी गोम. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून १९९६ फुटांवर आहे. अल्टिमीटर ३५०० दाखवतो तेव्हा खाली जमीन १५०० फुटांवरच असते. त्यात ३० अंशांची दुपार, म्हणजे हवा ४३०० फुटांवर असावी तेवढी विरळ. काट्यावर १३० नॉट असताना, वारा नसेल तर जमिनीवरचा वेग १३८-१३९ भरतो. विमान तरंगत राहतं ते यामुळं. फ्लॅप फुल, ऑटोब्रेक मीडियम, आणि टचडाउन झोनमध्ये (रनवेच्या सुरुवातीचा टेकायचा पट्टा) चाकं टेकत नसतील तर सरळ गो-अराउंड (परत वर उडून नवा प्रयत्न). नाक वर धरून रेटत बसलात तर रनवे संपलाच समजा.

उतरण ११५ मैल आधी सुरू करा. क्यूएनएच (अल्टिमीटरला द्यायचा तिथला हवेचा दाब) विसरू नका, एका हेक्टोपास्कलला जवळपास ३० फुटांचा फरक पडतो. वारा पूर्वेचा असेल तर रनवे ०७ घ्या. उत्तरेकडून येऊन डावा डाउनविंड (रनवेला समांतर, उतरायच्या उलट दिशेनं), रनवेपासून तीन मैल अंतर ठेवून, ३५०० फुटांवर. त्या अंतरावर रंकाळा बरोबर पोटाखाली येतो, तिथं बेसला (रनवेच्या रेषेकडं आडवं) वळलं की फायनल, म्हणजे रनवेसमोरची सरळ उतरण, सव्वातीन मैलांची मिळते. गियर त्याआधीच खाली पाहिजे, ए३२०ला ही फायनल आखूडच.

रंकाळा_कट्टा
लई भारी राव! मग एटीआरनंच (पंख्यांचं छोटं विमान) आणलं तर? रनवेची काळजीच नको.

क्रॉसविंड
बसेल आरामात, पण एटीआर ७२ची कमाल पातळी २५० आणि वेग २७० नॉटांच्या आसपास, म्हणजे चार तास. शिवाय त्या उंचीवर ढगांच्या वर जाता येत नाही, बर्फ पंखांवर साचत राहतो. एटीआरसाठी मुंबई-कोल्हापूरच ठेवा, १६५ मैल.

उजळाईवाडी_०७
आणि काहीही उडवा, आधी व्हीएकेपीची (कोल्हापूर विमानतळाचा कोड) सीनरी, म्हणजे सिममधलं तिथलं दृश्य, तपासा. जुन्या डेटात रनवे १३७० मीटरचाच असतो. नकाशावर लांबी बघा, कमी दिसली तर नवीन सीनरी टाका किंवा ए३२० घेऊन गोव्याला मोपावर जा.