मदत हवी आहे : उठून बसलं की आईचा ऑक्सिजन उतरतो

आई ७१ वर्षांची, आम्ही कोथरूडला राहतो. आडवी असली की ऑक्सिजन ९५-९६. उठवून बसवलं की पाच मिनिटांत ८४, ओठ निळसर, आणि "मला निजव गं" एवढंच म्हणते. निजली की परत वर. बोट बदललं, दुसरं ऑक्सिमीटर आणलं, तरी तेच. नळीने ऑक्सिजन लावला तरी बसल्यावर फारसा फरक नाही.

सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात गुठळी नाही. महिनाभर दम्याचे पंप घेतले, उपयोग शून्य. साधा इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल, पण तो झोपवूनच केला होता. आता नवीन हृदयरोगतज्ज्ञांना पीएफओची शंका आहे. म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं, जन्मानंतर न मिटलेलं छिद्र; बसल्यावर अशुद्ध रक्त त्यातून थेट डावीकडे जातं. असं छिद्र साधारण ४ माणसांत एकाला असतं म्हणे, त्रास मात्र क्वचितच. त्यांनी बबल इको सांगितलाय, म्हणजे शिरेतून बारीक बुडबुडे असलेलं सलाईन सोडून ते छिद्रातून डावीकडे जातात का हे बघणारा इको.

आईला आडवं ठेवून ॲम्ब्युलन्सनेच न्यावं लागतं, त्यामुळे चार ठिकाणी फिरवणं शक्य नाही. झोपवून आणि बसवून, दोन्ही प्रकारे बबल इको पुण्यात नक्की कुठे करतात? आणि कुणाच्या घरी मांडीतून कॅथेटर घालून छिद्र बंद केलं असेल, तर बसल्यावरचा ऑक्सिजन किती दिवसांत सुधारला?